एकही ओळ कोरी नको

त्या वर्षांत वऱ्हाडातल्या कुठल्याही खेड्यात गेलं, तरी आपल्या आधी कोणीतरी कागद घेऊन येऊन गेलेलं असायचं. पिकाचा कागद, पंचनाम्याचा कागद, विम्याचा कागद. आमचा कागद मनाचा होता. आठ पानांचा फॉर्म. झोप लागते का, जेवण जातं का, एकटंच बसावंसं वाटतं का, असे प्रश्न आणि पुढे खुणा करायचे चौकोन. कापसाची दोन-तीन सालं ओळीने वाईट गेली होती, पेपर उघडायची भीती वाटायची. अकोल्याच्या एका संस्थेने ठरवलं होतं की घरोघर जाऊन माणसांची मनं कशी आहेत ते विचारायचं. त्यासाठी अमरावतीच्या बाजूला लिहिणाऱ्या बायका हव्या होत्या. त्यातली एक मी.

मी इथली नाही. माझं माहेर कोकणात, खाडीच्या काठाला. वडील तरीवर होते, म्हणजे माणसांना होडीने पलीकडे सोडायचे. सातवीनंतरची शाळा पलीकडेच होती. आईचा दमा वाढला, घरात कोणीतरी हवं झालं, म्हणून आठवीच्या सहामाहीला मी थांबले ती थांबलेच. लग्न करून नवऱ्यामागून अमरावतीला आले. तो बडनेऱ्याकडे एका कारखान्यात फिटर. पहिल्या हिवाळ्यात माझ्या टाचा आणि बोटं फुटली, पहिल्या उन्हाळ्यात नाकातून रक्त आलं. इथली माणसं बोलायला लागली की मला वाटायचं भांडतायत. भांडत नसायची, पण ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

शिक्षण नव्हतं, पण अक्षर होतं. आमच्या गल्लीत एक निवृत्त हायस्कूल मास्तर राहायचे. सगळे त्यांना सर म्हणत. शेजारणीसाठी मी नळाचा अर्ज लिहून दिला होता, तो त्यांच्या हाती पडला. त्यांनी बोलावून घेतलं.

“कितवी?”

“सातवी पास.”

“अक्षर सातवीचं नाही वाटत.”

या गावांचं काम त्यांच्याकडे होतं. बाकीच्या बाया बी.ए., डी.एड. झालेल्या. माझ्याकडे त्यांनी शाळेचा कागदही मागितला नाही. एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांच्याकरता काहीही केलं असतं. आणि केलंही, तिथेच सगळं बिघडलं.

त्यांच्या ओसरीवर आम्हाला दोन दिवस शिकवलं. सर शेवटी म्हणाले, “बाकी काही विसरलात तरी चालेल. पण एकही ओळ कोरी नको. कोरी ओळ म्हणजे तुम्ही त्या घरी गेलाच नाहीत.”

फॉर्मच्या आठव्या पानावर, अगदी तळाला, एकच प्रश्न असा होता की त्याला चौकोन नव्हते. ‘तुम्ही कशासाठी जगता, असं तुम्हाला वाटतं?’ त्याखाली एक ओळ, ठिपक्या-ठिपक्यांची.

जोड्या पाडल्या होत्या. माझ्या जोडीला अचलपूरच्या एक बाई आल्या, शिवणकाम करणाऱ्या. सगळ्यांसारखंच मीही त्यांना आपा म्हणायचे. त्या रोज अचलपूरहून एसटीने यायच्या, वलगावच्या फाट्यावर आम्ही भेटायचो आणि पुढे चालत. घरात किती माणसं, काय करतात, ही पहिली चार पानं आपा भरायच्या, कारण त्या कुठल्याही चुलीशी जाऊन बसू शकायच्या. मागची चार माझी. चुलीशी मला बसता येत नव्हतं, पण अक्षर चांगलं होतं.

शेवटच्या प्रश्नाला लोक जे म्हणत ते लिहिण्यासारखं नसायचं. पहिल्याच गावात एक काका झाडाखाली दोर वळत बसले होते. मी विचारलं, “काका, तुम्ही कशासाठी जगता, असं तुम्हाला वाटतं?”

त्यांनी पायाच्या अंगठ्यातला दोर सोडला नाही. “काहून इचारून राहिल्या? बंद करा म्हनता काय?”

आतून काकू ओरडल्या, “त्याहीले काय इचारता? ते जेवासाठी जगतेत. थेबी मीठ कमी पडलं तं नाई जगत.”

एकीने डोक्यावरचा हंडा न उतरवता सांगितलं, “बाई, सरक. पानी सांडते.” एका आजोबांनी मला जवळ बोलावून, फार मायेने, शिवी दिली. काही जण नुसतेच माझ्याकडे बघत राहायचे आणि त्या बघण्याने माझ्या पोटात कळ यायची. त्या महिन्यांत माझं पोट सारखं दुखायचं. प्रश्न वाचायच्या आधीच दुखायला लागायचं. वाटायचं, मी कोण यांना हे विचारणारी. आणि दुसरीकडे वाटायचं, ओळ कोरी राहिली तर सर म्हणतील, सातवी ती सातवीच.

मग मी घरी येऊन, भात चढवून, शेवटची ओळ भरायला लागले. चार उत्तरं तयार केली होती. घरात पाळणा किंवा दप्तर दिसलं असेल तर ‘मुलांच्या भल्यासाठी.’ देव्हारा किंवा जपाची माळ दिसली तर ‘परमेश्वराच्या स्मरणासाठी.’ बैल असतील तर ‘काळ्या आईच्या सेवेसाठी.’ आणि काहीच आठवलं नाही तर ‘आपले कर्तव्य पार पाडण्यासाठी.’ अक्षर अगदी मोत्यासारखं. वेलांट्या वळवून वळवून.

सर ते वाचायचे आणि चष्मा काढून पुसायचे. “बघा,” म्हणायचे, “एवढ्या ओढगस्तीत माणसं किती समजूतदार राहिली आहेत.” मी मान खाली घालून उभी. त्यांना बरं वाटलं याचं मला इतकं बरं वाटायचं की पोटदुखीही थांबायची.

आपांच्या मात्र लक्षात आलं होतं. एकदा लांबच्या गावाला जाताना एसटीत त्यांनी माझ्या मांडीवरचा आदल्या दिवशीचा फॉर्म उचलला. “ये तो वो बुढ्ढे का है ना? उसने तो गाली दी थी. यहाँ कर्तव्य कहाँ से आया?”

“त्यांना तेच म्हणायचं होतं.”

“अच्छा,” आपा म्हणाल्या. “तुमको बोल के गया क्या?” आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. पुढे बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मी नंतर खूपदा म्हटलं, पण ते म्हणणं खोटं आहे. मी ऐकलं नसतं.

दिवाळी होऊन गेल्यावर वलगावच्या पुढच्या एका गावात आम्ही एका मावशींच्या घरी गेलो. घर गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं, पुढे लखलखीत सारवलेलं अंगण. अंगणात भरपूर ऊन. कडुलिंबापासून दाराच्या चौकटीपर्यंत दोरी बांधलेली आणि तिच्यावर दोन लहान फ्रॉक, एक चड्डी, एक झबलं वाळत होतं. मावशी पन्नाशीच्या, दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जाणाऱ्या. आपांनी त्यांचे आधीचे प्रश्न आत चुलीशी संपवले आणि त्या शेजारच्या घरी गेल्या. माझी पानं अंगणात झाली. शेवटचा प्रश्न वाचला आणि माझ्या पोटात नेहमीची कळ आली.

मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. म्हणाल्या, “पोट दुखून राह्यलं काय व तुह्यं?”

मी नाही म्हटलं. त्या उठून आत गेल्या आणि औषधाची एक जुनी बाटली घेऊन आल्या. आत चहाच्या पाण्यासारखं काहीतरी. पेलाभर पाण्यात त्यातलं चमचाभर टाकून त्यांनी पेला माझ्या हातात दिला. तोंडात धरवेना इतकं आंबट. आम्हा कोकणातल्यांना आंबट म्हणजे कोकम नाहीतर चिंच. हे काय विचारलं तर म्हणाल्या, “आंब. हरभऱ्याची.” थंडीत हरभऱ्याच्या झाडांवर संध्याकाळी फडकं पांघरायचं, पहाटे ते दवाने आणि झाडाच्या खाराने भिजलेलं असतं, ते पिळून घ्यायचं. वर्षभर टिकतं. पोटदुखीला घेतात. मी पेला संपवेपर्यंत त्या समोर उभ्या राहिल्या. तेवढ्यात आपांनी फाटकातून हाक मारली, एसटीची वेळ झाली होती. मी पळाले.

ओळ कोरी होती. घरी येऊन मला दोरीवरचे फ्रॉक आठवले. मी लिहिलं, ‘मी माझ्या मुलांच्या भल्यासाठी जगते.’ पहिलं पान उलटून बघायचं मला सुचलं नाही. ते आपांचं पान होतं.

पौषात अकोल्याहून संस्थेच्या एक मॅडम आल्या. एकटं राहणाऱ्या माणसांची काही घरं त्यांना पुन्हा बघायची होती. मावशींचं घर त्यात होतं. सर, आपा, मी, सगळे बरोबर. गाडी पाहून शेजारच्या चार बाया अंगणात येऊन उभ्या राहिल्या. मॅडम भल्या होत्या. खाटेवर मावशींच्या शेजारी बसल्या, त्यांचा हात हातात घेतला. सुरुवात चांगल्या गोष्टीने करावी असं त्यांना वाटलं असणार. त्यांनी शेवटचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं.

“मी माझ्या मुलांच्या भल्यासाठी जगते. किती छान सांगितलंत हो. कुठे असतात मुलं?”

मग कडेवर पोर घेतलेल्या एका तरण्या शेजारणीने तोंडाला पदर लावला, पण हसू फुटलंच. “कोनाचे लेकरं व? तिले झालेच कुठी?”

दुसरी म्हातारी म्हणाली, “झाले असते तं नवऱ्यानं आनून सोडली असती काय माहेरी?”

ते कपडे त्या तरण्या शेजारणीच्या पोरांचे होते. तिच्या अंगणात ऊन येत नव्हतं म्हणून ती मावशींच्या दोरीवर वाळत घालायची. हे मला तेव्हा, उभ्या उभ्या कळलं.

मावशींनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. हिशेब लागत नाही तेव्हा माणूस बघतो तसं. “मी असं म्हनलं काय व, पोरी?”

सर माझ्याकडे बघत होते. मॅडम बघत होत्या. ‘मीच लिहिलं’ हे दोन शब्द माझ्या तोंडात होते. मी म्हटलं, “हो मावशी. तुम्ही म्हणाला होता.”

त्यांनी मॅडमच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाल्या, “असन बाप्पा. म्हनलं असन.”

त्यावर बाया आणखी हसल्या. आता त्यांना हसायला आणखीच मिळालं होतं: पोर नसलेली बाई सरकारी लोकांना पोरांच्या गोष्टी सांगते. मॅडमनी घाईने पान उलटलं.

फाट्यावर मॅडमची गाडी अकोल्याकडे वळली आणि आम्ही तिघं एसटीसाठी थांबलो. तिथे मी सरांना सांगितलं. फक्त मावशींचं नाही, सगळं. किती फॉर्म, ते विचारल्यावर म्हटलं, चाळीस तरी असतील. सर बाकावर बसले. आपाच बोलल्या, आणि पहिल्यांदाच पूर्ण मराठीत, म्हणजे मला नीट लागावं म्हणून. “लिहिलं खोटं, ते कागदावर होतं. आता तोंडानं बोलली. तेबी त्या बाईच्या तोंडावर. अन् तिनं तुले झाकून घेतलं, ते दिसलं का तुले?”

मला दिसलं होतं.

सर रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, आता म्हणतील उद्यापासून येऊ नका. ते म्हणाले, “कोरी ठेवू नका असं मीच म्हटलं होतं.” मग म्हणाले, “नमुन्यासाठी मी माझाही एक फॉर्म भरला होता. शेवटी लिहिलं, ‘समाजसेवा.’ खरं सांगू? घरी बसलो की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येतं. म्हणून हे काम घेतलं.” एसटी दिसली तसे ते उठले. “चाळीस घरं परत फिरा. जे बोलतील तेच लिहा. नाही बोलले तर कोरं. मग मी स्वतः अकोल्याला कळवीन.”

परत फिरणं पहिल्यापेक्षा अवघड होतं. एकदा येऊन गेलेला माणूस पुन्हा तेच विचारायला आला की लोकांना वाटतं, काहीतरी मिळणार आहे किंवा काहीतरी जाणार आहे. आपा बरोबर यायच्या. त्यांना यायची गरज नव्हती, त्यांची पानं खरी होती. पाय दुखायचे, धूळ घशात बसायची, आणि प्रत्येक दारात मी आधी सांगायचे की मागच्या वेळी मी माझ्या मनाचं लिहिलं होतं. कोणी चिडलं नाही. कोणाला आठवतही नव्हतं. याचंही मला वाईट वाटलं.

पण या वेळी मी थांबायचे. उत्तर आलं नाही तरी बसून राहायचे. दोर वळणारे काका म्हणाले, “मले काय इचारता? बैलाले इचारा. जू मानेवर ठेवतो तं थो इचारते काय, कोनत्या वावरात?” ते तसंच लिहिलं. एका घरात सासू आणि सून समोरासमोर तूर निवडत होत्या. सून म्हणाली, “सासूच्या आधी मराचं नाई, येवढंच.” सासूने सुपातून मान वर केली नाही. “मीबी तेच ठरवलं हाये सुनेच्या बाबतीत,” म्हणाली. दोन फॉर्म, दोन ओळी. मोझरीच्या आश्रमात जाऊन आलेले एक आजोबा रोज पहाटे गावचा रस्ता झाडायचे. ते म्हणाले, “झाडतो. दुपारून पुन्हा कचरा होते. मंग पुन्हा झाडतो. याच्यात काय लिहिसान?” पोलीस भरतीसाठी रोज धावणारा एक तरुण म्हणाला, भरती झाली की सांगतो. मी लिहिलं, ‘भरती झाली की सांगतो.’

अचलपूरच्या रस्त्यावर एसटी बंद पडली होती तेव्हा मी आपांना विचारलं, “आपा, तुमचं काय?”

“मेरा क्या,” आपा म्हणाल्या. “जिसने भेजा, उसको मालूम. मैं क्यूँ दिमाग लगाऊँ? मेरे पास लोगों के इतने ब्लाउज पडे हैं.” मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, “थक जाती हूँ, तब पूछती हूँ उसको. जवाब नहीं देता. दूसरे दिन कोई कपडा लेके आ जाता है.”

एकोणचाळीस घरं झाली. मावशींचं घर मी सारखं पुढे ढकलत होते. शेवटी आपा फाट्यावरच थांबल्या. “वहाँ मैं नहीं आती. अकेली जाओ.”

अंगण तसंच सारवलेलं होतं, ऊनही तसंच. दोरी नव्हती. कडुलिंबाच्या बुंध्यावर गाठीचा तेवढा वण राहिला होता. शेजारणीचे कपडे तिच्या स्वतःच्या कुंपणावर, सावलीत, ओले लोंबत होते. मी फाटकात उभी राहिले.

मावशींनी दारातूनच बघितलं. “आली का? आज कोनतं लेकरू देतं मले? पोरगा का पोरगी?”

मी म्हटलं, “मावशी, मी खोटं बोलले. तुम्ही तसं म्हणाला नव्हता.”

“मले मालूम हाये. मीच होती ना तिथं.”

“ओळ कोरी ठेवायची नव्हती. सरांनी मला काम दिलं. मी सातवी शिकलेली. मला वाटलं…”

“तू सातवी शिकली म्हनून मले पोरं झाले?”

त्या दारात उभ्या, मी फाटकात. मी विचारलं, “त्या दिवशी तुम्ही मला खोटं का पाडलं नाही?”

“पाडलं असतं तं तुह्यं काम गेलं असतं. माह्यं काय जाचं रायलं?” त्या आत वळल्या. मला वाटलं संपलं. आतून आवाज आला, “उद्या पहिल्या एसटीनं ये. फडके उचलाचे हाये. माह्याच्यानं आता एकटीनं पिळनं होत नाई.”

दुसऱ्या दिवशी मी गेले. सूर्य वर आला नव्हता, तोंडातून वाफ येत होती. हरभरा एका शेजाऱ्याचा होता. तो दरवर्षी त्यांना फडकी पांघरू द्यायचा. चार जुनी पांढरी धोतरं, घाट्यांनी भरलेल्या झाडांवर पसरलेली, दवाने जड झालेली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी, आणि विरुद्ध बाजूंनी पीळ देत गेलो. पिवळसर पाणी पितळी गंजात, म्हणजे पातेल्यात, पडत होतं. माझी बोटं थंडीने फुटलेली. आंब त्या चिरांत गेली आणि डोळ्यांतून पाणीच आलं.

“झोंबते?” त्या म्हणाल्या. “माह्यी बोटं तं आता लाकडं झाले.”

दुसरं धोतर पिळताना त्यांनी विचारलं, “तुह्यं काय लिहिलं थ्या कागदावर?”

“माझा फॉर्म भरला नाही. मी मोजणीत नाही.”

“पन इचारलं तं?”

मी खरं सांगायचं ठरवलं होतं. म्हणाले, “मी घाबरते, मावशी. सगळ्याला. काम जाईल, कोणी रागावेल, घरून तार येईल. ते होऊ नये म्हणून सकाळी उठते. त्यापुढे कधी गेलेच नाही.”

त्यांनी पीळ सोडला नाही. “भेवालेबी काम लागतेच,” म्हणाल्या. “घट धर. सांडते.”

चार धोतरांची मिळून तीन बाटल्या भरतील एवढी आंब निघाली. मावशींच्या घरी येऊन ती गाळत होतो तोच फाटक वाजलं. ती तरणी शेजारीण होती, कडेवरचं पोर पोट धरून कळवळत होतं. मला बघून ती दारातच थांबली. माझ्याकडे बघेना, मावशींकडेही बघेना. “रातपासून रडून राह्यलं,” ती म्हणाली.

मावशींनी ताजी आंब बाजूला ठेवली आणि फडताळातली मागच्या सालची बाटली काढली. लहान पोराला जुनी बरी, असं पुटपुटल्या. चमच्यात दोन थेंब, वरून पाणी. पोराचं नाक चिमटीत धरून घशाखाली घातलं. पोर आधी दुप्पट रडलं, मग हुंदके देत गप्प झालं. त्या दिवसाबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. जाताना ती म्हणाली, “मावशे, सांजच्याले आनखीन येऊ?” मावशी म्हणाल्या, “ये ना. दरवाजा कुठी जाते.”

ती गेली तेव्हा मी पिशवीतून फॉर्म काढला. आठवं पान. जुन्या उत्तरावर मी पांढरा कागद चिकटवून नवी ओळ आखून आणली होती. पेन उघडून म्हटलं, “मावशी, लिहू का? लोकांचं पोट दुखतं तेव्हा…”

“नाई.” त्यांनी हात पदराला पुसले. “लिहिलं का थ्या बाई येऊन पुन्हा अंगनात वाचतीन. मंग याच बाया उद्या म्हनतीन, हिचं आमच्या पोट्ट्यायच्या दुखन्यावर चाललं हाये. ठेव तसंच.”

“कोरंच?”

“कोरं.”

मग फडकी वाळत घालायची होती. मावशींनी खाटेखालून दोरी काढून माझ्या हातात दिली. कडुलिंबाच्या त्या जुन्या वणावरच मी ती बांधली. वडील होडी बांधायचे ती गाठ, ओल्या दोरीलाही न सुटणारी. एवढी एक गोष्ट मी घरून आणलेली. मावशींनी दोरी ओढून बघितली. चार धोतरं दोरीला पुरून उरली, टोकाला हातभर जागा राहिली. मी निघाले तेव्हा कुंपणापलीकडून शेजारीण त्या जागेकडे बघत होती.

दुरुस्त केलेले फॉर्म घेऊन सरांनी मला अकोल्याला पाठवलं. स्वतः येतो म्हणाले होते, पण त्यांचा गुडघा सुजला होता. त्यांची चिठ्ठी बरोबर होती. संस्थेच्या ऑफिसात एका टेबलावर एक बाबू एकेक फॉर्म उलटून शेवटचं पान बघत होता. बैलाचं उत्तर वाचून त्याने भुवई वर केली. सासूचं वाचून हसला. मावशींच्या पानावर थांबला.

“ही ओळ कोरी आहे.”

“हो.”

“त्या घरी गेलाच नव्हता?”

माझ्या पोटात कळ आली, नेहमीची, ओळखीची. पंधरा दिवसांपूर्वी मी तिथल्या तिथे एखादं वाक्य रचलं असतं. “चारदा गेले,” मी म्हटलं. “बाईंनी सांगितलं कोरी ठेवा.”

“असं कसं? काहीतरी लिहा. कर्तव्य वगैरे.” त्याने पेन माझ्यापुढे केलं.

मी हात पाठीमागे घेतला. बोटांच्या चिरा अजून भरल्या नव्हत्या. त्याने माझ्याकडे, मग सरांच्या चिठ्ठीकडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि कंटाळून फॉर्म गठ्ठ्यावर टाकला.

परतीची गाडी उशिरा होती. फलाटावरच्या बाकावर बसून मी पिशवीतली छोटी बाटली काढली. मावशींनी निघताना दिलेली. पाणी आणायला उठायचं त्राण नव्हतं. झाकणभर तशीच घेतली आणि डोळे मिटून आंबटपणा उतरायची वाट बघत बसले.